सदरातला ‘मी’ आणि गाण्यातला ‘मी’

  इंदापुरात १२ ऑक्टोबर १९२२ रोजी शांता शेळके जन्मल्या. एकच लेखणी वृत्तपत्रात सदर लिहिते आणि गीतही रचते तेव्हा तिचे काय होते, हे तपासायला शांताबाईंइतके भरीव उदाहरण मराठीत मला दुसरे दिसत नाही.

पुण्याच्या स. प. महाविद्यालयात शिकून त्या आचार्य अत्रे यांच्या ‘नवयुग’ साप्ताहिकात दाखल झाल्या आणि पाच वर्षे तिथे साहाय्यक संपादक होत्या. पुढे नागपूर-मुंबईत अध्यापन केले. ‘एक पानी’, ‘मदरंगी’, ‘जाणता अजाणता’ ही त्यांची पुस्तके मूळची वृत्तपत्रीय सदरे.

सदर आणि चित्रपटगीत, दोन्ही फर्माइशीची. सदराचा वार आणि जागा ठरलेली असते. गीताला प्रसंग दिलेला असतो, पुष्कळदा चालही. सूर जिथे लांबवायचा तिथे दीर्घ स्वर हवा, जोडाक्षर आले की गळा अडतो. अशा बंधनांत लिहिलेले ते दुय्यम, हा आपल्या समीक्षेचा जुना ग्रह मला मुळीच मान्य नाही. मोजक्या जागेत नेमका शब्द बसवण्याचे कसब दोन्हीकडे एकच.

फरक आहे तो ‘मी’चा. सदरातला ‘मी’ लेखिकेचा स्वतःचा: तिचे वाचन, तिच्या आठवणी, तिची माणसे. गीतातला ‘मी’ मात्र दुसऱ्याला देऊन टाकायचा असतो. शांताबाईंनी तो कोळ्याला दिला, लावणीतल्या स्त्रीला दिला, भक्ताला दिला. काही गीतांवर तर स्वतःचे नावही ठेवले नाही. ती ‘वसंत अवसरे’ या पुरुषी टोपणनावाने आली.

‘तोच चंद्रमा नभात’ या गीतात हे देणे फार सूक्ष्म आहे. त्याचे बीज शीलाभट्टारिकेच्या नावावरच्या, मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त घेतलेल्या संस्कृत श्लोकात आहे. श्लोकात बोलते ती स्त्री. प्रियकर तोच, चैत्रातल्या रात्री त्याच, तरी तिचे मन रेवातीरीच्या जुन्या भेटीकडे ओढ घेते. शांताबाईंनी बोलणारा पुरुष केला. सुधीर फडक्यांनी ते गीत स्वरबद्ध करून स्वतः गायले, म्हणून हा बदल सोयीचा वाटेल. पण बदल तेवढाच नाही. श्लोकातली ओढ अजून जिवंत आहे, तिला फक्त जागा बदलून हवी आहे. गीतातल्या पुरुषाजवळ तीच रात्र आणि तीच सखी आहे. ओढ मात्र उरलेली नाही.