धाव, हवा आणि गोंद : रिमोटवरच्या गाडीच्या चाकांचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस खेळण्यातल्या गाडीच्या टायरवर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. उत्तर आधी सांगतो, म्हणजे ज्यांना उठून जायचं आहे त्यांना जाता येईल.

चार वर्षांपूर्वी माझा नातू वर्षभर आमच्याकडे राहायला होता. वय बारा. शाळा बदललेली, मित्र मागे राहिलेले. त्यामुळे बोलणं तुटक, एकेका शब्दाचं. त्याच्याजवळ खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची, रिमोटवर चालणारी एक बग्गी होती. तिचे मागचे टायर झिजून गुळगुळीत झाले होते. नवे आणले. मी म्हटलं, दे इकडे, मी बसवतो. आयुष्यभर सायकल चालवली आहे. ओढून ताणून चढवले. मैदानावर नेल्यावर त्याने ट्रिगर दाबला. आतली रिंग गरगर फिरली, टायर मात्र जागच्या जागी! दुसऱ्यांदा दाबला तेव्हा एक टायर निसटला आणि गटाराकडे गेला. "आबा, तू चिकटवले नाहीस?" चिकटवायचे असतात हेच मला ठाऊक नव्हतं. "आणि उलटे घातलेस. बाण बघितला नाहीस?" त्यानंतर रात्रीपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.

सायकलचा टायर आपण चिकटवत नाही, मोटारीचाही नाही. मग या गाडीचाच का? या एका "का"मागे मी लागलो आणि बराच मागे गेलो.

टायर चाकावर टिकतो कशाने? आपल्याकडे बैलगाडीच्या चाकाला धाव असते. तुंबा, आरे, पाटे आणि त्या सगळ्यांना बाहेरून आवळून धरणारी लोखंडी धाव. इंग्रजीतला टायर हा शब्दही मुळात या लोखंडी पट्टीचाच. ती पट्टी चाकापेक्षा किंचित लहान करायची, तापवून लाल करायची म्हणजे ती फुगते, मग लाकडी चाकावर बसवून वर पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि चाक करकचून आवळलं जातं. ज्यांनी लहानपणी हे पाहिलं असेल त्यांना तो वाफेचा आवाज अजून आठवत असेल. तिथे टायर टिकतो तो धातूच्या आकसण्यामुळे.

मग रबर आलं. चार्ल्स गुडइयरने गंधक घालून रबर टिकाऊ करण्याची युक्ती 1839 मध्ये शोधली. 1845 साली रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं, पण ते चाललं नाही. 1888 मध्ये बेलफास्टमधला गुरांचा डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप याने मुलाच्या तीनचाकीसाठी तीच कल्पना पुन्हा शोधून काढली. आता गंमत पाहा. डनलॉपचे सुरुवातीचे टायर रिंगला चिकटवलेलेच असत. पंक्चर काढायचं म्हणजे सगळं सोलून काढायचं. 1890 मध्ये वेल्शने टायरच्या कडेत तार घातली आणि बार्टलेटने रिंगच्या वळलेल्या काठात कड अडकवण्याची सोय केली. तेव्हापासून आतली हवाच कडेला रिंगवर दाबून धरते. म्हणजे हवा दोन कामं करते, गाडी तोलते आणि टायर धरून ठेवते. हे दुसरं काम आपल्या लक्षातच येत नाही.

आता गॅलिलिओकडे वळतो. 1638 मध्ये लायडनला छापलेल्या त्याच्या शेवटच्या मोठ्या ग्रंथात एक साधा हिशेब आहे. वस्तू दहापट लहान केली तर तिचं क्षेत्रफळ शंभरपट कमी होतं, आणि आकारमान, म्हणून वजनही, हजारपट. प्राण्यांची हाडं नुसती प्रमाणात मोठी करून चालत नाहीत, हे त्याने त्यावरून दाखवलं. आपण उलट दिशेने जाऊ. 1200 किलोची मोटार एक दशांश केली तर वजन 1.2 किलो. शर्यतीच्या त्या मापाच्या गाड्या खरोखरच साधारण त्याच वजनाच्या असतात, थोड्या जास्तच. पण टायरचा जमिनीला टेकणारा भाग शंभरपटच कमी झाला. म्हणजे प्रत्येक चौरस इंचावर येणारा भार मोटारीच्या एक दशांश. मोटारीत 30 पौंडांची हवा असेल तर इथे 3 पौंड पुरे. एवढ्या दाबाची हवा टायरची कड धरून ठेवू शकत नाही. शिवाय एवढ्याशा टायरची भिंतच त्या भाराला पुरेशी ताठ असते, मग हवेला काम काय उरलं? म्हणून या गाड्यांत टायरच्या आत हवा दाबून भरत नाहीत, फोमची कडी घालतात. उलट, आत अडकलेली हवा बाहेर जावी म्हणून रिंगला किंवा टायरला बारीक भोकं पाडतात. टायरला मुद्दाम भोक! डनलॉपने कपाळाला हात लावला असता.

अर्थात हे कुणी गॅलिलिओ वाचून केलं नाही. इतिहास तसा घडत नाही.

रिमोटवरची विकत मिळणारी पहिली गाडी म्हणून सहसा जिचं नाव घेतात ती 1966 सालची, इटलीतल्या एल-जी या कंपनीची, एक बारांश मापाची फेरारी 250 एलएम. त्याच दशकात खाचेतून धावणाऱ्या विजेच्या छोट्या गाड्यांचं अमेरिकेत वेड होतं आणि त्यांना स्पंजासारख्या रबराचे टायर असत. पुढे रिमोटच्या शर्यतीतही डांबरी ट्रॅकवर फोमचे टायर आले. नुसता फोम, रिंगला चिकटवून लेथवर घासून हव्या त्या व्यासाचा केलेला. त्याचा मऊपणा शोअर नावाच्या मापाने मोजतात. 35 म्हणजे मऊ, 40 म्हणजे त्याहून कडक. दिसायला हे टायर अगदी खोटे. चाकाला पावाचा तुकडा लावल्यासारखे. पण पकड अशी की गाडी वळणावर रुळावरून गेल्यासारखी जाते.

जपानात मात्र वेगळा रस्ता होता. शिझुओकाच्या तामिया कंपनीचा पिंड प्लास्टिक मॉडेलचा. मालक शुन्साकु तामिया यांनी खरी पोर्शे 911 विकत घेऊन ती सुटी करून पाहिली होती, इतकी त्यांना हुबेहूबपणाची ओढ. 1976 मध्ये त्यांची पहिली रिमोटवरची गाडी आली, पोर्शे 934, तीही आधीच्या मॉडेलवरून. 1979 च्या सँड स्कॉर्चरला कॅलिफोर्नियाच्या वाळूत धावणाऱ्या फोक्सवॅगनसारखे मागे वल्ह्याच्या आकाराचे टायर होते. रबर जाड, फोम नाही. मोटर बेताची असल्यामुळे ते टिकतही असत.

1984 मध्ये कॅलिफोर्नियातून असोसिएटेड इलेक्ट्रिक्सची आरसी10 आली. सोनेरी अ‍ॅल्युमिनियमचा तळ, लांब हातांचं सस्पेन्शन. ती कोणत्याही खऱ्या गाडीसारखी दिसत नव्हती, दिसावी असा तिचा हट्टही नव्हता. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातच या मापाच्या बग्ग्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि दोनचाकी चालनाच्या गटात आरसी10 जिंकली. माझ्या मते या छंदाचं खरं वळण हे. तोवर प्रश्न होता, ही गाडी कशाची प्रतिकृती? आता प्रश्न झाला, ही गाडी कुठल्या मातीवर धावणार? नुसते टायर बनवणाऱ्या कंपन्या याच काळात पुढे आल्या, प्रो-लाइन त्यांतली एक. प्लेटोच्या वर्गात मी वर्षानुवर्षं मूळ आणि नक्कल शिकवलं. नक्कल कधी स्वतःच मूळ होऊन बसते, याला याहून चांगलं उदाहरण तेव्हा माझ्याजवळ नव्हतं.

आता गोंदाकडे. 1942 मध्ये ईस्टमन कोडॅकमध्ये हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. एक पदार्थ हाती लागला, तो ज्याला त्याला चिकटायचा, म्हणून टाकून दिला. पुढे त्यातूनच 1958 मध्ये बाजारात आला तो सुपरग्लू. आपण फेविक्विक म्हणतो ते त्याच जातीचं. ओलावा लागला की काही सेकंदांत घट्ट. पातळ असेल तर रबर आणि रिंग यांच्या फटीत आपोआप ओढला जातो.

आणि त्याची गरज किती होती, तेही हिशेबाने पाहू. डांबरावरच्या एक दशांश गाडीचं चाक सुमारे 65 मिलिमीटर व्यासाचं. ताशी 60 किलोमीटरला ते सेकंदाला 80 हून जास्त फेरे मारतं. त्याच वेगाला मोटारीचं चाक आठच. टायरच्या बाहेरच्या कडेवरचं रबर गुरुत्वाकर्षणाच्या साडेआठशे पटींहून जास्त जोराने बाहेर ओढलं जातं. एक ग्रॅम रबर जणू पाऊण किलोहून जड! चाक फुग्यासारखं फुगतं, मध्ये टोकदार होतं. ब्रशलेस मोटर आणि लिथियम बॅटरी आल्यावर तर हे फारच वाढलं. म्हणून आत कापडी पट्टा घातलेले टायर आले, आणि गोंद अपरिहार्य झाला. फक्त दगडांवर मुंगीच्या पावलाने चढणाऱ्या गाड्या याला अपवाद. त्यांच्या रिंगेला बाहेरून कडं स्क्रूने आवळतात, गोंद लागत नाही.

बसवायची रीत नातवाने मला शिकवली ती अशी. आधी टायरची कड आणि रिंगची खाच स्पिरिटने पुसायची, कारण साच्यातून येताना रबराला तेलकट थर असतो आणि त्यावर गोंद धरत नाही. फोम आत सुरकुतीशिवाय बसवायचा. बाण फिरण्याच्या दिशेला आहे ना ते बघायचं. डावं-उजवं इथेच चुकतं. मग कड अंगठ्याने जराशी मागे ओढून थेंब सोडायचा, चार-पाच ठिकाणी, एक बाजू वाळल्यावर दुसरी. शेवटी रिंग आसावरच्या षटकोनावर बसवून नट आवळायचा. पूर्वी प्रत्येक कंपनीचा आस निराळा असे. आता एक दशांश गाडीला बहुधा 12 मिलिमीटरचा षटकोन आणि एक अष्टमांशला 17 चा. रिंगेचं माप मात्र बग्गीत इंचात, डांबरी गाडीत मिलिमीटरमध्ये. असं का, ते विचारू नका.

निवड हा अनुभवाचा भाग. भुसभुशीत मातीवर लांब काटे, घट्ट जमिनीवर आखूड, आणि रबराने घासून चकाकलेल्या मातीवर जवळपास गुळगुळीत. भार कमी असल्यामुळे रबर मोटारीपेक्षा खूप मऊ लागतं, पण मऊ रबर लवकर मरतं. डांबरावर नव्या टायरची पकड पहिल्या काही फेऱ्यांतच सर्वांत चांगली असते. म्हणजे ज्याच्या खिशात पैसा तो प्रत्येक फेरीला नवा जोड लावणार. म्हणून अनेक ठिकाणी सगळ्यांना एकच ठरावीक टायर सक्तीचा करतात. काहींना हा स्वातंत्र्यावर घाला वाटतो. मला वाटत नाही. टायरच्या पेटीवरून पोरं हरू लागली, तर ती चालवायला कशाला शिकतील? वास येणारी, रबर मऊ करणारी द्रव्यं काही क्लबांनी बंद केली, तेही योग्यच.

राहिला आमचा गटारात गेलेला टायर. तो धुऊन, वाळवून, नातवाने स्वतः चिकटवला. मी धरायला होतो. माझा अंगठा आणि तर्जनी रिंगेला चिकटली. कोमट साबणाच्या पाण्यात हात बुडवून आम्ही दोघं वीस मिनिटं बसलो, आणि त्या वीस मिनिटांत तो जुन्या शाळेबद्दल पहिल्यांदा बोलला. कुठला मित्र, कुठलं मैदान, तिथली माती कशी तांबडी आणि सैल होती म्हणून हे लांब काट्यांचे टायर घेतले होते. इथलं मैदान घट्ट आहे आबा, म्हणाला, आपल्याला आखूड काट्यांचे लागतील.

ते आम्ही पुढच्या आठवड्यात आणले. आता तुमचे प्रश्न घेऊ.