संकरित मोटारगाडीतील चुंबकीय क्षेत्र : एका आकड्याचा इतिहास

एखाद्या नव्या यंत्राविषयी लोकांच्या मनात भीती निर्माण झाली, म्हणजे ती त्या यंत्रातूनच उद्‌भवली असावी असे सामान्यतः गृहीत धरले जाते. पुष्कळदा ती भीती आधीच अन्यत्र आकारास आलेली असते, आणि नवे यंत्र तिला केवळ नवे निवासस्थान मिळवून देते. पेट्रोलचे एंजिन व विजेची मोटर अशा दोन्ही शक्तींवर चालणाऱ्या संकरित मोटारगाडीच्या बाबतीत नेमके असेच घडले. ह्या गाडीतील चुंबकीय क्षेत्रामुळे कर्करोग होतो की काय, ही शंका अमेरिकेत २००८ साली वृत्तपत्रांत चर्चिली गेली. परंतु त्या शंकेची सामग्री, म्हणजे तिचा आकडा, तिचा शब्द आणि तिचे मापनयंत्र, ही त्यापूर्वीच्या तीन दशकांत घरांच्या व वीजवाहिन्यांच्या अभ्यासातून तयार झालेली होती. त्या सामग्रीचा घरापासून गाडीपर्यंतचा प्रवास पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

१

ह्या इतिहासाचा आरंभ अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हर शहराच्या परिसरात होतो. नॅन्सी वर्थायमर व एड लीपर ह्यांनी १९७९ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ एपिडेमिऑलजी’ ह्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. १९५० ते १९७३ ह्या काळात कर्करोगाने दगावलेल्या बालकांच्या घरांची त्यांनी इतर बालकांच्या घरांशी तुलना केली, आणि मोठा विद्युत्‌प्रवाह वाहून नेणाऱ्या तारांच्या निकट असलेल्या घरांत रोगग्रस्त बालकांचे प्रमाण अधिक आढळते असे दाखविले. घरांची वर्गवारी मात्र आतील क्षेत्र मोजून केलेली नव्हती. तारा किती जाड आहेत, त्या कोणत्या प्रकारच्या आहेत, घरापासून किती अंतरावर आहेत, अशा बाह्य खुणांवरून घरांचे वर्ग पाडलेले होते.

पुढे १९८८ साली डेव्हिड सॅव्हिट्झ व त्यांचे सहकारी ह्यांनी त्याच परिसरात हा प्रश्न पुन्हा तपासला, तेव्हा घरांत प्रत्यक्ष मापन करण्यात आले. फल मोठे विचित्र निघाले. तारांच्या वर्गवारीशी रोगाचा संबंध दिसला. परंतु मोजलेल्या क्षेत्राशी तो त्याहून क्षीण होता. ज्या कारणाचा संशय होता ते कारण प्रत्यक्ष मोजल्यावर संबंध बळकट व्हावयास हवा होता. तो अधिक धूसर झाला. ह्या विसंगतीकडे तज्ज्ञांचे लक्ष गेले, पण लोकांच्या कानी तोवर निराळीच गोष्ट पडू लागली होती. १९८९ साली ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकातून पॉल ब्रोडर ह्यांची ह्या विषयावरील लेखमाला प्रसिद्ध झाली आणि वीजवाहिन्यांचा प्रश्न घरोघरी पोहोचला.

त्यानंतर स्वीडनमधून अधिक काटेकोर पुरावा आला. मारिया फायख्टिंग व आंडर्स आल्बम ह्यांनी २२० व ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांपासून ३०० मीटरांच्या आत राहणाऱ्या लोकांचा १९६० ते १९८५ ह्या काळातील अभ्यास केला. तो १९९३ साली प्रसिद्ध झाला. ०.२ मायक्रोटेस्ला किंवा त्याहून अधिक क्षेत्र असलेल्या घरांतील मुलांत रक्ताच्या कर्करोगाचे सापेक्ष प्रमाण २.७ पट आढळले. पण साऱ्या अभ्यासात ह्या रोगाची बालके अवघी ३९ होती. उलटपक्षी, १९९७ साली मार्था लिनेट व त्यांचे सहकारी ह्यांनी अमेरिकेतील ६३८ रुग्ण बालकांचा व ६२० निरोगी बालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यात असा संबंध सिद्ध होत नाही असा निर्वाळा दिला.

अशा परस्परविरोधी अभ्यासांची एकत्र मोजदाद करणे क्रमप्राप्त होते. आल्बम व इतर संशोधकांनी २००० साली नऊ अभ्यासांतील ३,२४७ रुग्ण व १०,४०० निरोगी बालकांची माहिती एकत्र केली. ०.४ मायक्रोटेस्लाहून कमी सरासरी क्षेत्रात राहणाऱ्या बहुसंख्य बालकांत धोका वाढल्याचे काहीच चिन्ह दिसले नाही. त्या मर्यादेवरील घरांत मात्र धोका दुप्पट आढळला. आणि त्या वर्गात रुग्ण होते ४४. संशोधकांनी स्वतःच लिहून ठेवले की, ह्या वाढीचे कारण अज्ञात असून बालकांच्या निवडीतील दोषाने तिचा काही भाग उत्पन्न झालेला असू शकतो.

०.४ हा आकडा इतिहासात प्रविष्ट झाला तो असा. तो शरीराच्या परीक्षेतून निघालेला नव्हता. उपलब्ध माहितीचे वर्ग पाडताना सर्वांत वरच्या वर्गाच्या आरंभी आखलेली ती रेघ होती. आणि तिच्यामागे उभी होती दीर्घ काळाची सरासरी, तीही मुलांच्या राहत्या घरातली.

२

आकड्याच्या जोडीला शब्द आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञमंडळाने २००१ साली ह्या पुराव्याचा विचार केला, आणि अत्यल्प कंप्रतेच्या चुंबकीय क्षेत्रांना ‘२ ब’ ह्या गटात बसविले; तो ग्रंथ २००२ साली प्रकाशित झाला. त्याच बैठकीत स्थिर क्षेत्रांना व अत्यल्प कंप्रतेच्या विद्युत्‌क्षेत्रांना तिसऱ्या गटात, म्हणजे वर्गीकरण करण्याइतका पुरावा नसलेल्यांत, ठेवण्यात आले.

‘२ ब’ ह्या गटाच्या इंग्रजी नावातील क्रियाविशेषण ‘पॉसिब्ली’ हे आहे. त्याच्या वरच्या ‘२ अ’ गटाचे ‘प्रॉबेब्ली’. पहिल्याने केवळ शक्यता नाकारता येत नाही एवढेच सांगितले जाते, दुसऱ्याने संभव पुष्कळ आहे असे. मराठीत दोहोंसाठी ‘संभाव्य’ हा एकच शब्द सहजगत्या येतो, आणि दोन पायऱ्यांमधील अंतर भाषांतरातच लोप पावते. शिवाय हे वर्ग पुराव्याचे बळ सांगतात. धोक्याचे प्रमाण सांगत नाहीत. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या संदर्भात कॉफी ही १९९१ पासून २०१६ पर्यंत ह्याच ‘२ ब’ गटात होती.

दुसरा शब्द ‘रेडिएशन’. ब्रोडर ह्यांच्या लेखमालेच्या सदराच्या नावातच तो होता. ५० हर्ट्‌झच्या विद्युत्‌चुंबकीय तरंगाची लांबी ६,००० किलोमीटर भरते. तेव्हा तारेपासून हातभर अंतरावर जे असते ते तारेला बांधलेले क्षेत्र होय, तिच्यापासून सुटून गेलेले प्रारण नव्हे. क्ष-किरणांप्रमाणे रेणूंचे बंध तोडण्याची शक्ती त्यात नाही. परंतु मराठी वृत्तपत्रांत अणुभट्टी, भ्रमणध्वनीचा मनोरा आणि विजेची तार ह्या तिघांनाही ‘किरणोत्सर्ग’ हेच नाव मिळते. एका नावाखाली आलेल्या वस्तूंचे गुणधर्मही एक मानले जातात, हा भाषाव्यवहाराचा नित्य अनुभव आहे. परिभाषेत ‘प्रारण’ व ‘किरणोत्सर्ग’ हा भेद केलेला असूनही तो व्यवहारात रुजलेला नाही.

३

आकडा व शब्द अशा प्रकारे सिद्ध होत असतानाच नवी गाडी रस्त्यावर आली. टोयोटा कंपनीची ‘प्रिअस’ डिसेंबर १९९७ मध्ये जपानात विक्रीस निघाली, आणि २००० पासून ती इतर देशांत जाऊ लागली. पहिल्या प्रिअसच्या विद्युत्‌घटमालेचा दाब सुमारे २८८ व्होल्ट होता. २००३ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत तो सुमारे २०२ व्होल्टांवर आणून, मोटरीसाठी ५०० व्होल्टांपर्यंत वाढविण्याची योजना करण्यात आली. घटमाला मागील आसनाच्या पाठीशी, मोटर पुढे, आणि दोहोंना जोडणाऱ्या जाड तारा गाडीच्या तळाखालून, अशी ही रचना होती. मागील आसनावर मुले बसतात, हे पालकांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते.

एप्रिल २००८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ह्या विषयाला जागा दिली. काही मालकांनी क्षेत्रमापक यंत्रे विकत घेऊन आपापल्या गाड्या तपासल्या होत्या, आणि त्यांवरील अंक पाहून ते अस्वस्थ झाले होते. तो अंक पडताळावयाचा कशाशी, ह्या प्रश्नाला त्यांच्यापाशी एकच उत्तर तयार होते : घरांच्या अभ्यासातील ते दोन किंवा चार मिलिगॉस, म्हणजेच ०.२ किंवा ०.४ मायक्रोटेस्ला.

येथे आकड्याचा अर्थ बदलला. समजा, एखादे मूल दिवसातून एक तास १ मायक्रोटेस्ला क्षेत्र असलेल्या गाडीत बसते आणि उरलेले तेवीस तास ०.०५ मायक्रोटेस्लाच्या घरात राहते. त्याची दिवसभराची सरासरी सुमारे ०.०९ मायक्रोटेस्ला होईल. यंत्रावर क्षणभर दिसलेला १ हा अंक ०.४ च्या अडीच पट भयंकर वाटतो. अभ्यासकांच्या मापाने ते मूल रेघेच्या पुष्कळच खाली असते. दीर्घ सरासरीचा भेदक अंक क्षणिक मापनाची सुरक्षामर्यादा बनला, तो कोणी ठरविल्याखेरीजच.

मापनयंत्रही सरळ साक्षीदार नव्हते. वीजवाहिनीतील प्रवाहाची कंप्रता निश्चित असते. संकरित गाडीत मोटरीच्या गतीबरोबर ती सतत बदलते. गती वाढविताना प्रवाह घटमालेतून बाहेर पडतो, तर गतिरोध करताना तो उलट आत येतो. त्यातच रबरी धावेतील पोलादी तारांची भर पडते. सॅम्युएल मिलहॅम व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९९ साली दाखवून दिले की, धावेतील चुंबकित पोलादी पट्टे चाकाबरोबर फिरताना २० हर्ट्‌झहून कमी कंप्रतेची क्षेत्रे उत्पन्न करतात. म्हणजे विजेच्या मोटरीचा संबंधही नसलेली साधी पेट्रोलची गाडी क्षेत्रविरहित नव्हतीच. तिच्याकडे कोणी यंत्र घेऊन पाहिले नव्हते, इतकेच.

४

उत्पादकांचे उत्तर कितपत पुरेसे होते? ५० ते ६० हर्ट्‌झच्या टप्प्यात संकरित गाड्यांतील क्षेत्रे पेट्रोलच्या गाड्यांइतकीच अल्प आहेत, असे टोयोटाचे म्हणणे होते. परंतु तो टप्पा घरगुती विजेचा. गाडीतील कंप्रता त्याच्या बाहेरही जाते. मोजण्याचा पट्टा घरावरून उचलला होता तो केवळ धास्तावलेल्या मालकांनीच नव्हे.

अधिकृत मर्यादांची गोष्टही अशीच सावधपणे समजून घ्यावयास हवी. अनायनकारी प्रारणांपासून संरक्षणार्थ स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने ५० हर्ट्‌झसाठी सामान्य जनांकरिता १९९८ मध्ये १०० मायक्रोटेस्ला, आणि २०१० मध्ये २०० मायक्रोटेस्ला ही संदर्भपातळी सांगितली. ३ किलोहर्ट्‌झला तीच २७ पर्यंत उतरते. ह्या पातळ्या मज्जातंतूंच्या उद्दीपनासारख्या तात्काळ व सिद्ध परिणामांवर आधारलेल्या आहेत. कर्करोगाच्या सांख्यिकीय शंकेला त्यांत स्थान नाही, कारण कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही असे आयोगाचे मत आहे. २०० आणि ०.४ ह्यांत पाचशे पटींचे अंतर आहे. एक पक्ष वरच्या आकड्यावर बोट ठेवून निश्चिंत होतो, दुसरा खालच्या आकड्यावर बोट ठेवून चिंतित होतो. परंतु हे दोन आकडे दोन भिन्न प्रश्नांची उत्तरे आहेत.

गाडीच्या प्रश्नाचे उत्तर गाडीतच शोधावयाचे प्रयत्न मागाहून झाले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्राथमिक अभ्यासात रिचर्ड टेल व सहकाऱ्यांनी १६.३ किलोमीटरांच्या ठराविक मार्गावर गाड्या चालवून मापने घेतली. विजेवर चालणाऱ्या विविध प्रकारच्या सात गाड्यांतील मापनांचा भूमितीय मध्य ०.०९५ मायक्रोटेस्ला, तर चार पेट्रोल गाड्यांतील ०.०५१ मायक्रोटेस्ला आला. विजेच्या गाड्यांत क्षेत्र खरोखरच अधिक होते, म्हणजे मालकांचे निरीक्षण सर्वस्वी भ्रामक नव्हते. पण ती पातळी अमेरिकेतील माणसांना नित्य जीवनात लाभणाऱ्या क्षेत्रांच्या व्याप्तीतच मोडत होती. जर्मनीच्या प्रारण-संरक्षण कार्यालयाने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या मापनांतही असाच निष्कर्ष निघाला : जोराने गती वाढविताना किंवा गतिरोध करताना, विशेषतः पायांपाशी, क्षेत्र क्षणभर उसळते, शरीराबाबतच्या शिफारशी मात्र ओलांडल्या जात नाहीत. आसन तापविणारी यंत्रणा हेही क्षेत्राचे एक उगमस्थान ठरले, आणि ती साध्या गाड्यांतही असते.

५

ह्या वृत्तांतावरून भीती बाळगणारे अडाणी होते, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. त्यांनी मोजून पाहिले, आणि मोजून पाहणे हा शास्त्राचाच धर्म आहे. उणीव राहिली ती अंकाचे मूळ विचारण्यात. आणि ती उणीव उत्पादकांच्या उत्तरातही तितकीच होती. डेन्व्हरच्या तारांपासून स्वीडनच्या वाहिन्यांपर्यंतचा पुरावा मुलांच्या घरांविषयीचा आहे. तेथील शंका अद्याप पुरती निवालेली नाही, आणि ‘२ ब’ हा शिक्काही कायम आहे. पण तो पुरावा गाडीच्या आसनावर आणून ठेवताना सरासरीचा काळ, कंप्रतेचा पट्टा आणि रेघेचा मूळ हेतू ही तिन्ही मागे राहिली, आणि उरला तो नुसता अंक.

शास्त्रीय अंक आपल्या जन्मस्थानाची आठवण घेऊन हिंडत नाही. ती त्याच्या हाती देणे हे इतिहासाभ्यासकाचे काम आहे. शब्दांची व्युत्पत्ती शोधली जाते, तशी मर्यादांची व प्रमाणांचीही शोधली गेली, तर निराधार धास्ती आणि निराधार निश्चिंतता ह्या दोहोंनाही आळा बसेल.