नाव पुसलं म्हणजे वस्तू गेली का?

हडपसरातलं व्याख्यान, समोर मगरपट्ट्यात काम करणारी मुलंही बसलेली दिसतात. तेव्हा तत्त्वज्ञानाचा मास्तर आज संगणकाच्या इतिहासावर बोलला तर सांभाळून घ्या.

१९४९ मध्ये केंब्रिजला एडसॅक हा संगणक सुरू झाला. वारंवार लागणाऱ्या आज्ञावली तिथे छिद्रं पाडलेल्या कागदी पट्ट्यांवर जपून ठेवलेल्या असत. ज्याला हवी त्यानं तिची नक्कल आपल्या प्रोग्रॅमच्या पट्टीत उतरवायची. म्हणजे वाटल्या जात होत्या त्या नकला. मूळ पट्टीतली चूक सुधारली, तरी तुमच्या नकलेत ती राहणारच!

मग विचार आला, एकच प्रत ठेवू, प्रोग्रॅम चालताना सगळे तीच वापरतील. १९६० च्या दशकात मल्टिक्सनं हे मांडलं, १९८५ च्या पहिल्या विंडोजमध्ये ते आलं, १९८८ मध्ये सन कंपनीच्या युनिक्समध्ये. मराठीचाही त्यात फायदा झाला. विंडोज २००० मध्ये जोडाक्षरं जुळवण्याचं काम युनिस्क्राइब या सामायिक मॉड्यूलकडे आलं. प्रत्येक प्रोग्रॅमला ती वेगळी शिकवायला नकोत.

पण सामायिक विहिरीचा गाळ काढायचा, तर पाणी भरणाऱ्यांचं काय? चालू प्रोग्रॅमनं मॉड्यूलची फाइल धरून ठेवलेली असते. विंडोज तिच्यावर लिहू देत नाही, म्हणून 'संगणक पुन्हा सुरू करा' ही सूचना येते. युनिक्सची रीत निराळी. तिथे फाइलचं नाव वेगळं, फाइल वेगळी. नवी फाइल लिहून तिला जुनं नाव देतात. जुनी निनावी होते, पण शेवटचा प्रोग्रॅम तिला सोडेपर्यंत डिस्कवर राहते.

इथे मला आपले नैयायिक आठवतात. वस्तू नष्ट झाल्यानंतरचा जो अभाव, त्याला ते प्रध्वंसाभाव म्हणतात. नुसतं नाव पुसल्यानं तो होत नाही.

हा शब्दच्छल नव्हे हं. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या सामायिक मॉड्यूलमधला 'हार्टब्लीड' दोष उघड झाला. त्यातून सर्व्हरच्या स्मृतीतली गुपितं बाहेर पडू शकत होती. दुरुस्त फाइल बसवली, तरी आधीपासून चालू असलेले प्रोग्रॅम जुनीच फाइल धरून होते. ते बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत धोका तसाच राहत होता. यादीत दुरुस्ती झालेली, व्यवहारात नाही.

म्हणून मुलांनो, 'बदललं' असं कुणी सांगितलं, की एवढंच विचारा: जुनं अजून कुणी धरून बसलंय का?