मिठागरातले श्रम आणि सज्ञानतेचा हक्क

साष्टी बेटाच्या उत्तर टोकाला असलेल्या भाईंदर, मिरे आणि घोडबंदर या गावांत प्रौढ कोणाला म्हणावे, याचा निवाडा माणसाच्या वयापेक्षा जमिनीच्या कागदावर अधिक अवलंबून होता. १८७० साली ब्रिटिश सरकारने ही गावे रामचंद्र लक्ष्मणजी यांना ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिली. त्यामुळे ज्या खाजणांत, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या खाडीकाठच्या जमिनींत, आगरी कुटुंबे राबत होती, त्यांवरचा वरचा हक्क दुसऱ्याच्या हाती गेला. मिठागरात पावसाळा सरल्यावर बांध दुरुस्त करणे, खाडीचे पाणी वाफ्यांत घेऊन उन्हात आटवणे आणि मीठ ओढून डोक्यावरून वाहणे ही कामे घरादाराने करावी लागत. पाटी उचलू लागलेले पोर घराच्या दृष्टीने कामाला आलेले असे. १८८१ च्या कारखाने कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली. परंतु तो यंत्रशक्तीवर चालणाऱ्या मोठ्या कारखान्यांपुरता होता आणि मिठागर त्याच्या कक्षेबाहेरच राहिले.

याउलट १८७५ च्या सज्ञानता कायद्याने अठरा वर्षे ही मर्यादा घालताना, ज्याच्यासाठी न्यायालयाने पालक नेमला असेल त्याला एकविसाव्या वर्षापर्यंत अज्ञान, म्हणजे कायद्याने अल्पवयीन, मानले. असा पालक बहुधा मालमत्ता सांभाळण्यासाठीच नेमला जाई. पुढे १ एप्रिल १९५७ रोजी, कृषक दिनी, मुंबई राज्यातील कूळ, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारे शेतकरी, कसत्या जमिनीचे मालक मानले गेले, तेव्हाही जमीनमालक अज्ञान असल्यास कुळाचा खरेदीहक्क लांबणीवर पडत असे. मालक असलेले मूल सज्ञान होईपर्यंत कष्टकरी बापाने थांबायचे, ही व्यवस्था अल्पवयीनांच्या संरक्षणासाठी असली तरी तिचा भार अन्यायाने कुळावर पडला. बालपणाचे संरक्षण ही मालमत्तेसोबत येणारी सवलत होती आणि श्रमाने कमावलेल्या प्रौढत्वाला मात्र कागदावर जागा नव्हती.

कुटुंबाच्या आतही हीच वाटणी दिसते. सातबाऱ्यावरील 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, या नोंदीमुळे जमीन एका कर्त्या पुरुषाच्या नावे राही आणि वयात आलेले धाकटे भाऊ त्याच्याआड जात. मताधिकाराची वयोमर्यादा १९८९ मध्ये एकविसावरून अठरावर आली, तेव्हा तरुणांना कोणतीही मालमत्ता दाखवावी लागली नाही. लेकींच्या बाबतीत मात्र अट उरलीच. महाराष्ट्राने १९९४ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळले. ती अट २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने गेली, तोवर भाईंदरच्या कितीतरी शेतांवर इमारती उभ्या राहिल्या होत्या.