निवांत सायकल : दीडशे वर्षांचा इतिहास आणि आपला कृष्णाकाठ

"रोज अर्धा तास चाला" असं सांगितलं की पन्नाशीच्या पुढचे बरेच रुग्ण गुडघ्याकडे बोट दाखवतात. "मग सायकल चालवा" म्हटलं तर हसतात. "डॉक्टर, या वयात सायकल? लोक काय म्हणतील?" या उत्तरात दोन समजुती दडलेल्या असतात. सायकल ही गाडी न परवडणाऱ्याची, किंवा मग चकचकीत कपडे घालून शर्यत मारणाऱ्या तरुणांची. पण सायकलचा तिसराही एक वापर आहे आणि तोच तुमच्या कामाचा आहे. हळूहळू, थांबत थांबत, गावं बघत जाणं. याला चांगला दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातलं एक पान आपल्या भागातलंही आहे.

सुरुवात इंग्लंडच्या रिकाम्या रस्त्यांवर

इंग्लंडमध्ये रेल्वे आली आणि घोड्यांच्या टपालगाड्या बंद पडल्या. त्यांच्या मार्गावरच्या जुन्या खाणावळी आणि मुक्कामाच्या जागा ओस पडल्या. याच रिकाम्या रस्त्यांवर सायकलवाले आले. १८७८ मध्ये त्यांनी सहलींसाठी एक संस्था काढली, तीच पुढे 'सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब' झाली. सायकलस्वारांची नीट सोय करणाऱ्या खाणावळीवर या क्लबची पंख असलेल्या चाकाची पाटी लागे. लंडनहून रिप्ले नावाच्या खेड्यातल्या 'अँकर' खाणावळीपर्यंत जाऊन यायचं, ही तर त्या काळी सायकलवाल्यांची वारीच होती.

तेव्हाची सायकल मात्र भीतीदायक होती. पुढचं चाक छातीएवढं उंच, मागचं इवलंसं. पडलं की डोक्यावरच. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी 'रोव्हर' आणली. आजची आपली सायकल तिचीच वंशज आहे. चाकं अजून भरीव रबराची होती, त्यामुळे धक्के थेट कण्याला बसत. १८८८ मध्ये बेलफास्टमधल्या जॉन डनलॉप यांनी हवा भरलेला टायर वापरात आणला. मुलाच्या तीनचाकीला धक्के कमी बसावेत म्हणून त्यांनी ही खटपट केली. डनलॉप पेशाने गुरांचे डॉक्टर होते, हे आवर्जून सांगतो.

पुढच्या आठ-दहा वर्षांत कारकून, शिक्षक, दुकानातले नोकर आणि स्त्रियाही सायकलवर बसल्या. कापडाच्या दुकानातला एक साधा नोकर वर्षाची सुट्टी सायकलवर घालवतो, या गोष्टीवर एच. जी. वेल्स यांनी १८९६ मध्ये एक कादंबरीच लिहिली. घोडा पाळण्याची ऐपत नसलेल्या माणसाला पहिल्यांदाच स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या वेगाने आपला मुलूख बघता आला.

डॉक्टर आधी घाबरले

यात आमच्या व्यवसायाने आधी खोडा घातला. १८९० च्या दशकात काही डॉक्टरांनी 'सायकल-चेहरा' नावाचा आजारच शोधून काढला. तोल सांभाळण्याच्या ताणाने चेहरा कायमचा ओढलेला राहतो, डोळे खोबणीतून बाहेर येतात, असं ते सांगत. सायकलने पाठीला कुबड येतं असंही छापून आलं. सर्वात जास्त इशारे अर्थातच स्त्रियांना दिले गेले. यातलं काहीही टिकलं नाही. नवी गोष्ट दिसली की आधी भीती आणि पुरावा मागाहून, हा दोष वैद्यकशास्त्रातही असतो.

पुरावा यायला अर्धं शतक लागलं. १९५३ मध्ये लंडनच्या डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसच्या चालकांची आणि कंडक्टरांची तुलना 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. पॉल डडली व्हाइट स्वतः सायकल चालवत आणि लोकांनाही चालवायला सांगत. झटका आलेल्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे अंथरुणात ठेवण्याचा तो काळ होता!

पुढे कोपनहेगनमध्ये सुमारे ३०,००० लोकांवर बरीच वर्षं लक्ष ठेवण्यात आलं. २००० मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सायकलने कामावर जाणाऱ्यांच्या तुलनेत न जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ३९ टक्क्यांनी जास्त होतं. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या सायकलला देता येणार नाही. पण ही माणसं शर्यतीतली नव्हती. रोज कामावर जाणारी साधी माणसं होती.

बेळगावचं दुकान आणि आपला कृष्णाकाठ

डनलॉपच्या टायरचं जे वर्ष, तेच बेळगावच्या एका दुकानाचं. १८८८. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामूअण्णा यांचं ते सायकलचं दुकान. किर्लोस्कर उद्योगाची सुरुवात तिथून धरली जाते. नांगर, कडबा कापायचं यंत्र, पंप हे सगळं त्यानंतरचं. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडलजवळच्या माळावर जागा दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. सूर्यनमस्कार घराघरांत पोहोचवण्यासाठी झटलेले औंधचे राजे ते हेच.

१९२३ मध्ये मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यातल्या तिघांनी, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा यांनी, सुमारे ७१,००० किलोमीटर कापून १९२८ मध्ये प्रवास पुरा केला.

आपल्या गावांतून मात्र सायकल सहलीसाठी कधी नव्हतीच, ती कामासाठी होती. दुधाच्या किटल्या, वैरणीचा भारा, कॉलेजचं दप्तर, कॅरिअरवर बहीण. तासाच्या भाड्याने सायकल आणून नळीखालून पाय घालून शिकलेली पिढी आज साठीत आहे. १९७२ मध्ये लूना आली, मग स्कूटर, मग मोटारसायकल. कष्टाची खूण म्हणून सायकल अंगणातून गेली, आणि तिच्याबरोबर रोजचा तासभराचा व्यायामही गेला. त्याची जागा गोळ्यांच्या डब्याने घेतली, असं मी रोज बघतो.

मलकापुरातून कुठे जाल?

इंग्लंडमध्ये आज बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर आणि कालव्यांच्या काठाने सायकलचे रस्ते आहेत. आपल्याकडे तसे नाहीत, पण बघण्यासारखी ठिकाणं मात्र हाकेच्या अंतरावर आहेत. जखिणवाडीच्या वर आगाशिवाच्या डोंगरात जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. पायथ्यापर्यंत सायकल, पुढे जमेल तेवढं पायी. कराडला कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम आणि यशवंतराव चव्हाणांची समाधी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये जिथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, ते काले गाव आपल्याच तालुक्यात आहे. हेच भाऊराव एके काळी किर्लोस्करांचे नांगर विकत फिरत असत. स्टेशनच्या बाजूला ओगलेवाडी, जिथल्या काचकारखान्याचे प्रभाकर कंदील आपल्या आजी-आजोबांच्या घरात होते. सराव झाला की वसंतगडाच्या पायथ्याचं तळबीड, हंबीरराव मोहित्यांचं गाव. आणि पुढे कधीतरी थेट किर्लोस्करवाडी.

निघण्यापूर्वी

सायकलवर शरीराचं बरंचसं वजन सीटवर असतं, म्हणून झिजलेल्या गुडघ्यांना ती चालण्यापेक्षा सोसते. मांडीचे मोठे स्नायू काम करू लागले की रक्तातली साखर वापरली जाते. वेग किती? बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढाच. आठवड्याला एकूण १५० मिनिटं हे उद्दिष्ट ठेवा, पण सुरुवात १० मिनिटांनी करा.

- पायडल सर्वात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकं सीट उंच ठेवा. सीट खाली असेल तर गुडघा दुखतो आणि दोष सायकलला जातो.
- इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. घाम, थरथर, गरगर जाणवली की लगेच थांबा आणि खा.
- पायाची संवेदना कमी असलेल्या मधुमेहींनी बंद बूट घालावेत आणि घरी आल्यावर तळवे तपासावेत.
- हृदयविकार, चालताना छातीत भरून येणं, ताब्यात नसलेला रक्तदाब किंवा तोल जाण्याचा त्रास असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना भेटा.
- महामार्ग टाळा, गावातले रस्ते धरा. हेल्मेट घाला. ऊसतोडीच्या हंगामात दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, म्हणून अंधारात सायकल नको.

आणि घाई नको. रिप्लेला जाणारे सायकलवालेही वाटेत चहासाठी थांबतच होते. येत्या रविवारी घरातल्या जुन्या सायकलला हवा भरा, ब्रेक तपासा, सोबतीला कोणीतरी घ्या आणि उन्हं चढायच्या आत जखिणवाडीपर्यंत जाऊन या. परतल्यावर गुडघा कसा आहे आणि दम किती लागला, हे वहीत लिहा. पुढच्या तपासणीला येताना ती वही बरोबर आणा.