दरवाजावरची खोली: निवासी कॉलेजांच्या प्रमुखांचा इतिहास

निवासी कॉलेजाचा प्रमुख म्हणजे विद्यार्थ्यांच्याच आवारात बिऱ्हाड करून राहणारा ज्येष्ठ प्राध्यापक. महाराष्ट्रातल्या वसतिगृहाच्या रेक्टरशी त्याचे वरवर साम्य दिसते. ऑक्सफर्डच्या एक्झिटर आणि लिंकन या कॉलेजांच्या प्रमुखांना तर 'रेक्टर'च म्हणतात. पण वसतिगृहाचा रेक्टर खोल्या, मेस आणि शिस्त सांभाळतो. निवासी कॉलेजाच्या प्रमुखाकडून अपेक्षा वेगळी असते. विद्वान माणूस घरात कसा वागतो, जेवताना काय बोलतो, पाहुण्यांशी कसा वाद घालतो हे तरुणांना रोज जवळून दिसावे, यासाठी त्याला तिथे राहायला बोलावलेले असते.

या पदाची मुळे मध्ययुगीन इंग्लंडमध्ये आहेत. वॉल्टर डी मर्टन यांनी १२६४ मध्ये ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजाची व्यवस्था लावून दिली. केंब्रिजचे पीटरहाउस १२८४ चे. प्रमुख आणि फेलो, म्हणजे कॉलेजाचे सदस्य असलेले विद्वान, यांचा मिळून एक संघ आणि त्या संघाच्या मालकीची जमीन, अशी ही रचना होती. त्यामुळे प्रमुख हा आधी कारभारी होता. शेतसारा, कुळे, कोर्टकज्जे, छपरांची दुरुस्ती हे सारे त्याच्याकडे असे. विल्यम ऑफ विकहॅम यांनी १३७९ मध्ये ऑक्सफर्डला न्यू कॉलेज स्थापले. त्याच्या बांधणीत प्रमुखाचे, म्हणजे वॉर्डनचे, निवासस्थान थेट प्रवेशद्वारावरच काढले होते. कोण आत येते, कोण बाहेर पडते, हे खिडकीतून दिसत असे. पदनामे मात्र कॉलेजागणिक बदलली: कुठे वॉर्डन, कुठे प्रोव्होस्ट, कुठे प्रिन्सिपॉल, तर ऑक्सफर्डच्याच बॅलिओलसारख्या ठिकाणी मास्टर.

फेलोंनी अविवाहित राहावे हा नियम शतकानुशतके चालला. लग्न केले की फेलोशिप सोडावी लागे. धर्मसुधारणेनंतर प्रमुखांना यातून हळूहळू सूट मिळाली, पण सर्वसाधारण फेलोंसाठी हे बंधन १८७७ च्या कायद्यानंतर नवे नियम होईपर्यंत टिकले. परिणामी कॉलेजाच्या आवारात नांदते घर असे, ते बहुधा एकट्या प्रमुखाचे. त्या घराचा दिमाख कधी कधी भांडणाला कारण होई. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात रिचर्ड बेंटली १७०० ते १७४२ मास्टर होते. युरोपभर नाव असलेले हे ग्रीक-लॅटिनचे पंडित आपल्या निवासस्थानाच्या दुरुस्तीवर कॉलेजाचा पैसा ओतत राहिले आणि फेलोंशी त्यांचे दावे दशकानुदशके चालले. १७३४ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्याचा निकालही लागला. तो अमलात आणण्याचे काम नियमाप्रमाणे उपमास्टरचे होते. त्यांनी ते केले नाही आणि बेंटली मरेपर्यंत पदावर राहिले. विद्यार्थ्यांचा या साऱ्याशी फारसा संबंध आला नाही, आणि अठराव्या शतकातल्या प्रमुखांची खरी उणीव तीच होती.

ती उणीव भरून काढणाऱ्यांत बॅलिओलचे बेंजामिन जोवेट अग्रणी. १८७० ते १८९३ या काळात मास्टर असताना त्यांनी विद्यार्थ्यांना न्याहारीला बोलावणे, सोबत फिरायला नेणे, सुट्टीत अभ्याससहलीला घेऊन जाणे हेच आपले काम मानले. इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या उमेदवारांना बॅलिओलमध्ये जागा मिळावी, याकडे त्यांचे विशेष लक्ष होते. त्यांच्या घराचे दार बॅलिओलबाहेरच्यांनाही उघडे असे. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या, तेव्हा जोवेट यांनी त्यांना आपल्या मित्रमंडळींत नेले आणि कायद्याच्या अभ्यासात पाठबळ दिले. १८९२ मध्ये विद्यापीठाच्या खास ठरावाने सोराबजी कायद्याच्या बी.सी.एल. परीक्षेला बसल्या. ती परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. परक्या देशात एकट्या आलेल्या मुलीला प्रमुखाच्या घरातले हे अगत्य किती मोलाचे होते, हे वेगळे सांगायला नको.

अमेरिकेत हा वारसा आला, हरवला आणि पुन्हा विकत घेतला गेला. १६३६ चे हार्वर्ड केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजाच्या धर्तीवर उभे राहिले होते. पण १८६९ ते १९०९ या चाळीस वर्षांत अध्यक्ष चार्ल्स एलियट यांची नजर जर्मन विद्यापीठांकडे होती. विद्यार्थी कुठे राहतो हा त्यांच्या लेखी विद्यापीठाचा प्रश्नच नव्हता. श्रीमंत मुले माउंट ऑबर्न रस्त्यावरच्या आलिशान खासगी इमारतींत राहू लागली. त्या भागाला 'गोल्ड कोस्ट' नाव पडले. गरीब मुलांना मिळेल त्या खानावळीचा आणि भाड्याच्या खोलीचा आसरा होता. प्रिन्स्टनमध्ये अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी १९०७ मध्ये चौकांभोवती राहण्याची योजना मांडली, पण विद्यार्थ्यांच्या खासगी भोजनक्लबांच्या माजी सदस्यांनी ती हाणून पाडली.

हार्वर्डमध्ये अ‍ॅबट लॉरेन्स लोवेल या पुढच्या अध्यक्षांनी एकत्र राहण्याचा हा विचार धरून ठेवला आणि पैसा पुरवला एडवर्ड हार्कनेस यांनी. स्टँडर्ड ऑइलच्या संपत्तीचे वारस असलेले हार्कनेस येलचे माजी विद्यार्थी होते. त्यांनी देणगी आधी येललाच देऊ केली होती, पण तिथे निर्णय लांबला. १९२८ मध्ये ते लोवेल यांच्याकडे गेले, तेव्हा होकार तत्काळ मिळाला आणि देणगीचा आकडा एक कोटी डॉलरांच्या पुढे गेला. १९३० मध्ये डन्स्टर आणि लोवेल ही दोन 'हाउस', म्हणजे हार्वर्डची निवासी कॉलेजे, उघडली, पुढच्या वर्षी संख्या सातवर गेली. मागाहून जागे झालेल्या येलने १९३३ मध्ये सात कॉलेजे उघडली, तीही मुख्यतः हार्कनेस यांच्याच पैशातून. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी १९२९ मध्ये हार्वर्डमधून पदवी घेऊन बाहेर पडले. एका वर्षाच्या फरकाने त्यांच्या वाट्याला ही व्यवस्था आली नाही.

इंग्लिश मास्टर आणि या हाउस-कॉलेजांचा प्रमुख असलेला अमेरिकी मास्टर यांत एक मूलभूत भेद होता. ऑक्सफर्डच्या कॉलेजाकडे स्वतःची मालमत्ता, स्वतःचे फेलो आणि प्रवेशाचा अधिकार असे. अमेरिकेत हे सगळे विद्यापीठाच्या मध्यवर्ती कचेरीकडे राहिले. हाउसमध्ये ना पदवी मिळे, ना प्राध्यापकांची नेमणूक होई. मास्टरच्या हाती उरले ते घर आणि जेवणाचे टेबल. पहिल्या पिढीने त्यातूनच पद घडवले. लोवेल हाउसचे पहिले मास्टर, गणितज्ञ ज्युलियन कूलिज यांनी सोमवारच्या रात्री 'हाय टेबल'ची, म्हणजे उंच टेबलावरच्या औपचारिक भोजनाची, रीत घातली. त्यांच्यानंतर १९४० ते १९६३ मास्टर राहिलेले एलियट पर्किन्स आणि त्यांच्या पत्नी मेरी यांच्या काळात गुरुवारचा चहा हाउसची ओळख होऊन बसला. एलियट हाउसचे जॉन फिनली (१९४१ ते १९६८) होमरचे अभ्यासक होते. ते अर्जदारांना स्वतः भेटत आणि जाणाऱ्यांसाठी मनापासून शिफारसपत्रे लिहीत. या निवडीची दुसरी बाजूही होती. मास्टर आपल्या पसंतीने मुले घेत, तसतशी ठरावीक शाळांची, ठरावीक घराण्यांची मुले ठरावीक हाउसमध्ये गोळा होत. सगळ्या थरांतल्या मुलांनी एका टेबलाशी जेवावे हा लोवेल यांचा हेतू तिथे मागे पडला. हार्वर्डने १९९० च्या दशकात वाटप चिठ्ठ्या टाकल्यासारखे पूर्ण यादृच्छिक केले. हे फार उशिरा झाले.

मास्टरांच्या पत्नींचे श्रम या इतिहासात नेहमी कमी मोजले गेले. चहा, जेवणे, आजारी मुलाची विचारपूस, रडणाऱ्याला घरात बसवून घेणे यातले बरेचसे काम त्या करत आणि पगार नवऱ्याला मिळे. पुढे हार्वर्डमध्ये 'को-मास्टर', येलमध्ये 'असोसिएट मास्टर' असे पद जोडीदाराला मिळाले. १९९८ मध्ये लोवेल हाउसची जबाबदारी 'बनारस'वरील ग्रंथामुळे भारतात परिचित असलेल्या डायना एक आणि डोरोथी ऑस्टिन या जोडप्याने घेतली. समलिंगी जोडप्याने हार्वर्डचे हाउस सांभाळण्याची ही पहिली वेळ होती.

येलमध्ये १९६० च्या दशकात कामाची विभागणी झाली: अभ्यासाचे प्रश्न डीनकडे, कॉलेजाचे सामाजिक जीवन मास्टरकडे. १९६५ ते १९७० पीअर्सन कॉलेजाचे मास्टर होते 'हिरोशिमा'चे लेखक जॉन हर्सी, म्हणजे प्राध्यापक नसलेला माणूस. १ मे १९७० ला न्यू हेवनमध्ये ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेच्या सदस्यांवरील खटल्याच्या निषेधार्थ हजारो निदर्शक जमले, तेव्हा येलने कॉलेजांची फाटके बंद केली नाहीत. आत त्यांच्या जेवणाची आणि झोपण्याची सोय केली. हर्सी यांनी त्याच वर्षी माजी विद्यार्थ्यांना उद्देशून त्या दिवसांवर पुस्तक लिहिले. २०१५ च्या शरद ऋतूत येलमध्येच वेगळा पेच उभा राहिला. हॅलोविनच्या वेशभूषेवरून एका कॉलेजाच्या असोसिएट मास्टरांनी पाठवलेल्या ई-मेलवर विद्यार्थी संतापले. प्रमुखाचे काम घर उभारण्याचे की मतमतांतराला जागा देण्याचे, असा तो वाद होता, आणि पुढच्या वर्षी त्या दांपत्याने पद सोडले. या पदाकडून दोन्ही गोष्टी पहिल्यापासून अपेक्षित होत्या. त्या एकमेकींच्या आड येऊ शकतात, हे तेव्हा उघड झाले.

त्याच काळात पदनामही गेले. 'मास्टर' हा शब्द लॅटिन 'मॅजिस्टर'वरून, म्हणजे शिक्षक या अर्थाने आलेला. मराठीतल्या 'मास्तर'ने तोच अर्थ जपला आहे. पण अमेरिकेत त्याच शब्दाला गुलामांच्या मालकाचा अर्थ चिकटलेला आहे आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी आपल्या घराच्या प्रमुखाला त्या नावाने हाक मारावी, ही अपेक्षा अन्यायाची होती. प्रिन्स्टनने २०१५ मध्ये, तर हार्वर्ड आणि येलने २०१६ मध्ये नाव बदलले. हार्वर्डमध्ये 'फॅकल्टी डीन' आणि येलमध्ये 'हेड ऑफ कॉलेज' आले. टेक्सासमधल्या राइस विद्यापीठाने २०१७ मध्ये मूळ लॅटिन 'मॅजिस्टर'च घेतला. येलमधला 'मास्टर्स टी' आता 'कॉलेज टी' म्हणून ओळखला जातो. तिथली कॉलेजे चौदा झाली आहेत, हार्वर्डची निवासी हाउस बारा आहेत, आणि चहा अजून प्रमुखाच्याच दिवाणखान्यात होतो.