बुळकांडी ते लम्पी : पाळीव जनावरांच्या राखणीचा इतिहास

 आजचा विषय पाळीव जनावरांच्या राखणीचा आहे. राखण म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? माळावर बसवलेली मेंढरं, त्यांच्याभोवती फिरणारं धनगराचं कुत्रं आणि अंधारात कुठंतरी लांडगा. मराठवाड्याच्या माळरानावर लांडगा आहेच, त्यामुळे हे चित्र खोटं नाही. पण हिशेब मांडून बघा. लांडगा एका रात्री एखादं कोकरू नेतो. गोठेच्या गोठे रिकामे केले ते साथींनी. आणि ही साथ बहुतेक वेळा रानातून नव्हे, बाजाराच्या वाटेनं गावात आली. आजचं सगळं बोलणं या एका गोष्टीभोवती आहे.

आपला मुलूख जनावरांचा. कंधारची लाल कंधारी, लातूरकडची देवणी. देवणीत पुन्हा वानेरा, शेवरा, बाळंक्या असे अंगाच्या रंगावरून ओळखायचे प्रकार. लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा घोड्या-गाढवांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे, तिथं कुत्र्यांचंही प्रदर्शन भरतं. उदगीर तालुक्यात हाळी-हंडरगुळीचा बैलबाजार. निजामाच्या काळात उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. १९५६ मध्ये राज्यांची सरहद्द आखली गेली, पण बैलांच्या वाटा त्याच राहिल्या. व्यापारी, बैल, गोचीड आणि रोग, सगळे त्याच वाटेनं येत-जात राहिले.

जुन्या काळातला सगळ्यात भयंकर रोग म्हणजे बुळकांडी. ताप यायचा, तोंडात व्रण पडायचे, पाण्यासारखी हगवण लागायची आणि आठ-दहा दिवसांत जनावर जायचं. ज्या कळपानं हा रोग आधी पाहिलेला नाही, तिथं शंभरातली ऐंशी-नव्वद जनावरं मरायची. बैल गेला की नांगर थांबला, मोट थांबली, पेरणी हुकली. म्हणून बुळकांडीच्या मागून अनेकदा दुष्काळ यायचा. इंग्रज सरकारला याची दखल घ्यावी लागली आणि १८७१ मध्ये गुरांच्या साथीवरच्या आयोगाचा अहवाल आला.

गावाकडे त्या वेळी काय उपाय होता? साथ आली की मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर न्यायचा. आपण याला अंधश्रद्धा म्हणून हसतो. पण त्यामागचा विचार नीट बघा. रोग हद्द ओलांडून येतो आणि हद्दीबाहेर काढता येतो, हे गावाला कळलेलं होतं. अडचण एकच, शिवेपलीकडे दुसरं गाव असतं. आपली पीडा त्याच्या वेशीत ढकलून राखण पुरी होत नाही.

विज्ञानाची बाजू पुण्यात सुरू झाली. १८८९ मध्ये पुण्यात जनावरांच्या रोगांसाठी प्रयोगशाळा निघाली. पण असले जंतू भरवस्तीत ठेवणं धोक्याचं, म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. तिथं १९२० च्या दशकात एडवर्ड्स या शास्त्रज्ञानं बुळकांडीचा विषाणू शेळ्यांमध्ये पुन्हा पुन्हा वाढवला. होता होता तो गायी-बैलांसाठी इतका सौम्य झाला की त्याचीच लस झाली. पुढे १९५४ पासून देशपातळीवर निर्मूलनाचं काम सुरू झालं. भारतातली बुळकांडीची शेवटची नोंद १९९५ ची. २०११ मध्ये हा रोग जगातून गेल्याची घोषणा झाली. देवीनंतर माणसानं पूर्ण संपवलेला हा दुसरा रोग.

आता रानाकडे वळू. १९६८ मध्ये दक्षिणेत बंडीपूर-मुदुमलाईच्या जंगलात बुळकांडीनं गवे मेले. आफ्रिकेत सेरेंगेटीच्या भोवती गुरांना लस दिली, तेव्हा आतल्या रानटी प्राण्यांची संख्या भराभर वाढली. म्हणजे रोग पाळीव जनावराकडून रानात जात होता! बुळकांडी, माणसाचा गोवर आणि कुत्र्यांचा डिस्टेंपर, हे तिन्ही विषाणू एकाच घराण्यातले. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात वीसहून जास्त सिंह मेले, त्या साथीत डिस्टेंपरचा विषाणू सापडला. कुत्र्यांपासून हा रोग रानातल्या प्राण्यांना होऊ शकतो. तेव्हा लांडग्यापासून कुत्र्याला जपायचं हे खरंच, पण कुत्र्याच्या रोगापासून लांडग्यालाही जपावं लागतं. आणि पिसाळण्याचा रोग तर कोल्हा, मुंगूस, कुत्रा, गाय, माणूस असा कुणालाही सोडत नाही.

बुळकांडी गेली म्हणून आपण निर्धास्त झालो आणि लम्पी आला. देशात तो २०१९ मध्ये ओडिशात दिसला, महाराष्ट्रात २०२२ ची साथ ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात सुरू झाली. अंगावर गाठी, ताप, पायाला सूज. डास, माश्या, गोचीड हा रोग पसरवतात. महिनाभरात सरकारनं अख्खं राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं, जनावरांचे बाजार बंद झाले, वाहतूक थांबली. आणि लस कोणती दिली? शेळ्यांच्या देवीची! दोन्ही विषाणू जवळचे, म्हणून ती गायी-बैलांना चालली. शंभर वर्षांच्या आत शेळी दुसऱ्यांदा बैलाच्या मदतीला आली.

पण बाजार बंद म्हणजे काय, हे शेतकऱ्याला विचारा. पोराची फी भरायची, दवाखान्याचं बिल द्यायचं, तर तो बैल विकतो. बाजार बंद झाला तर त्याची बँकच बंद झाली. मग मोह होतो, गाठ दिसली तरी बोलायचं नाही, रातोरात जनावर विकून टाकायचं. साथीला याहून मोठी मदत नाही. २०२२ मध्ये सरकारनं मेलेल्या दुभत्या गायीला ३०,००० रुपये, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये मदत ठरवली. चांगल्या बैलजोडीची किंमत ज्यांना माहीत आहे, त्यांना ही रक्कम अपुरी वाटेल, आणि ते बरोबर आहे. तरीही ही मदत म्हणजे राखणीचाच भाग आहे. जो खरं सांगतो तो बुडणार नाही, एवढी हमी असेल तरच माणूस सांगतो.

जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले. लोकांनी कळवलं, नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लू असल्याचं कळलं. इथं रोग सापडला तो रानपाखरात, आणि त्या मेलेल्या कावळ्यांनीच कोंबड्या पाळणाऱ्यांना सावध केलं. कुणीतरी बघितलं आणि सांगितलं, म्हणून हे झालं.

या सगळ्या इतिहासातून हाती काय लागतं? बाजारातून आणलेलं जनावर दोन-तीन आठवडे वेगळं बांधा. बैलाला लस टोचून घेता, तशी दारातल्या कुत्र्यालाही रेबीजची आणि डिस्टेंपरची टोचून घ्या. मेलेलं जनावर ओढ्याकाठी उघडं टाकू नका, खोल पुरा. मेलेल्या पाखराला हात लावू नका. आणि जनावरांच्या दवाखान्यात पहिल्या दिवशी कळवा. आपल्याकडे उदगीरला १९८७ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेव्हा जाणकार माणूस फार लांब नाही.

कुंपणानं लांडगा अडतो. रोग अडतो तो शेजारच्या गावाला वेळेवर सांगितल्यानं. आता तुमचे प्रश्न घेऊ.